रॉबर्ट स्मॉल्स यांचा पुतळा कोणत्या वेशात उभा करायचा?

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाने २०२४ साली एकमताने एक कायदा केला. कोलंबिया या राजधानीत, विधानभवनाच्या आवारात, रॉबर्ट स्मॉल्स यांचा पुतळा उभारायचा. एका कृष्णवर्णीय व्यक्तीचा स्वतंत्र पुतळा त्या आवारात तोवर नव्हता. पुतळा कसा असावा आणि कुठे असावा, हे ठरवण्याचं काम समितीकडे गेलं, आणि तेव्हापासून स्मॉल्स यांच्याविषयी जे बोललं जातं त्यातलं बरंचसं दोन टोकांवर अडकलेलं आहे. एका टोकाला जहाज पळवून आणणारा धाडसी गुलाम. दुसऱ्या टोकाला लाच खाल्ल्याबद्दल शिक्षा झालेला आमदार. समाजमाध्यमांवर मराठीतूनही त्यांची गोष्ट अधूनमधून फिरते, तीही जहाजापाशी सुरू होते आणि जहाजापाशीच संपते. माझं म्हणणं सरळ आहे. या माणसाचं सर्वांत मोठं काम जहाजावर झालं नाही, ते विधिमंडळात आणि घटना परिषदेत झालं. पुतळा घडवायचा तर तो कागद हातात घेऊन बोलायला उभ्या राहिलेल्या लोकप्रतिनिधीचा घडवायला हवा.

जहाजाचं मोल मला कमी करायचं नाही. १३ मे १८६२ची पहाट होती. चार्ल्स्टन बंदरात 'प्लँटर' नावाची आगबोट उभी होती. मुळात कापूस वाहणारी, पण यादवी युद्धात (गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तरेतलं केंद्र सरकार) दक्षिणेच्या फौजेने भाड्याने घेऊन तिच्यावर तोफा चढवल्या होत्या. गोरा कप्तान आणि त्याचे अधिकारी रात्री बोट सोडून घरी गेले होते. सुकाणू सांभाळणारे तेवीस वर्षांचे स्मॉल्स गुलाम होते. बंदराची खडान्खडा माहिती असूनही कृष्णवर्णीय म्हणून त्यांना 'पायलट' (जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा नाविक) हा हुद्दा मिळत नव्हता. त्यांनी कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना बोटीत घेतलं आणि एकेक किल्ला मागे टाकत, ठरलेल्या शिट्टीचा इशारा देत, कप्तानाच्याच ढंगात उभं राहून बोट फोर्ट सम्टरच्या तोफांखालून बाहेर काढली. मग दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर वर चढवली. समोरच्या उत्तरेच्या युद्धनौकेने तोफा रोखल्या होत्या. चादर वेळेवर दिसली म्हणून सोळा जीव वाचले. त्यांत पत्नी हॅना आणि लहान मुलगी होती. त्या दोघींना विकत घेऊन सोडवण्यासाठी मालकाशी आठशे डॉलरचा सौदा ठरला होता, आणि तेवढे पैसे जमवणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं.

हे धाडस साधं नव्हतं, आणि त्याचा परिणामही एका बोटीपुरता राहिला नाही. त्याच ऑगस्टमध्ये स्मॉल्स वॉशिंग्टनला युद्धमंत्री स्टँटन यांना भेटून आले आणि परतताना पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करण्याची लेखी परवानगी सोबत आणली. पुढे 'केओकक' या चिलखती नौकेवर ते पायलट होते. एप्रिल १८६३च्या हल्ल्यात तिला नव्वदहून अधिक गोळे लागले. डिसेंबर १८६३ मध्ये 'प्लँटर'वर मारा सुरू झाला तेव्हा तिचा कप्तान कोळशाच्या कोठारात जाऊन लपला. स्मॉल्स यांनी बोटीचा ताबा घेतला, ती सुखरूप आणली आणि नंतर तेच तिचे कप्तान झाले. असा माणूस सुकाणूवर उभा दाखवला तर त्यात चूक काय, असं कुणी विचारलं तर चूक काहीच नाही. पण एवढंच दाखवलं तर काय झाकलं जातं, हा माझा प्रश्न आहे.

जहाजाच्या गोष्टीला आज कुणाचाच विरोध नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे सावधपणे पाहायला हवं. या कायद्याला एकमत मिळालं, याच्या मुळाशी मला तेच दिसतं. गुलामगिरी वाईट होती हे आता सगळेच मान्य करतात. एक हुशार, हिंमतवान माणूस तिच्यातून निसटला, याचा आनंद मानायला कुणाला काही द्यावं लागत नाही. कर वाढत नाही, शाळेचे दरवाजे उघडावे लागत नाहीत, मतदारयादी हलत नाही. शिवाय या गोष्टीतून हवा तो निष्कर्ष काढता येतो: अंगात जिद्द असली की माणूस कुठल्याही बेड्या तोडतो. मग ज्यांना बेड्या तोडता आल्या नाहीत त्यांच्यात जिद्द कमी होती का? त्या रात्री चार्ल्स्टन शहरात मागे राहिलेले हजारो गुलाम काय भित्रे होते? खुद्द स्मॉल्स यांनी आपल्या आयुष्यातून असा अर्थ काढला नाही. स्वतः सुटल्यावर पुढची पन्नासएक वर्षं ते, मागे राहिलेल्यांना पळून जावं लागू नये अशी व्यवस्था उभी करण्यात गुंतले. आणि ज्या शौर्याचे आज गोडवे गाइले जातात, त्याचीही त्यांच्या हयातीत सरकारदरबारी काय किंमत झाली? त्यांची रीतसर नेमणूक झाली नव्हती, या कारणाने निवृत्तिवेतन अडलं. संसदेने खास कायदा करून ते दिलं १८९७ साली, म्हणजे त्या पहाटेनंतर पस्तीस वर्षांनी.

युद्धानंतरचे स्मॉल्स व्यापारी होते, आणि या भागाविषयी त्यांचे चाहतेही जपून बोलतात. युद्धकर न भरलेल्या मालमत्ता सरकारने लिलावात काढल्या, तेव्हा ब्यूफर्ट गावातलं प्रिन्स स्ट्रीटवरचं मोठं घर त्यांनी घेतलं. याच घराच्या मागच्या खोल्यांत १८३९ साली ते गुलाम म्हणून जन्मले होते. रिचर्ड ग्लीव्ह्ज यांच्या भागीदारीत त्यांनी नव्याने मुक्त झालेल्या लोकांसाठी दुकान काढलं. पुढे वर्तमानपत्र काढलं. चार्ल्स्टनच्या धक्क्यांवरून आत माल नेणाऱ्या घोड्यांच्या रेल्वेच्या कंपनीत भाग घेतला. तिच्या संचालकांत एक सोडून सगळे कृष्णवर्णीय होते. विरोधकांचा आक्षेप असा की, दुसऱ्यांची पडती वेळ साधून हा माणूस श्रीमंत झाला. घराच्या जुन्या मालकाने दावा लावला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७८ साली निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला आणि त्या निकालाने करलिलावातल्या इतर अनेक खरेद्याही पक्क्या झाल्या. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. न्यायाचा प्रश्न मला असा दिसतो: ज्या घरासाठी आईने आयुष्यभर बिनपगारी कष्ट केले आणि मुलाच्या मजुरीचे पैसे ज्या घराच्या मालकाने वर्षानुवर्षं खिशात घातले, ते घर त्या मुलाने दाम मोजून घेतलं, तर पडत्या वेळेचा फायदा नक्की कुणी कुणाचा घेतला होता?

आणि मिळवलेल्या पैशाचं त्यांनी काय केलं, तेही पाहा. स्मॉल्स यांना बालपणी अक्षरओळख झाली नव्हती, कारण साउथ कॅरोलिनात १८३४च्या कायद्याने गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. युद्धाच्या काळात, पंचविशीत, 'प्लँटर' दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला असताना त्यांनी शिकवणी लावली आणि वाचायला शिकले. त्याच शहरात त्यांना कृष्णवर्णीय म्हणून ट्राममधून उतरवण्यात आलं. युद्धातला नावाजलेला कप्तान चालत गेला, ही बातमी गाजली आणि ट्राममधल्या भेदभावाविरुद्धच्या चळवळीला तिची मदत झाली. १८६७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने तो भेदभाव कायद्याने बंद केला. ब्यूफर्टला परतल्यावर त्याच वर्षी त्यांनी मुलांच्या शाळेसाठी इमारत घेण्यात पुढाकार घेतला.

आता घटना परिषदेकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तिथे आहे. जानेवारी ते मार्च १८६८ मध्ये चार्ल्स्टनला राज्याची नवी घटना लिहायला परिषद भरली. प्रतिनिधींमध्ये बहुमत कृष्णवर्णीयांचं होतं, आणि त्यांच्यातले कित्येक तीन-चार वर्षांपूर्वी गुलाम होते. स्मॉल्स ब्यूफर्टचे प्रतिनिधी होते. राज्यात सर्वांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारी शाळाव्यवस्था असावी, असा ठराव त्यांनी मांडला. घटनेत ती तरतूद आली: सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या शाळा वर्णभेद न करता सर्वांना खुल्या राहतील, आणि व्यवस्था नीट उभी राहिल्यावर सहा ते सोळा वयाच्या मुलांना किमान चोवीस महिने शाळेत जावंच लागेल. त्याच घटनेने कर्जासाठी तुरुंगवास बंद केला, विवाहित स्त्रीच्या मालमत्तेला संरक्षण दिलं, निवडून येण्यासाठी लागणारी मालमत्तेची अट काढून टाकली. चौतीस वर्षांपूर्वी जिथे अक्षर शिकवणं गुन्हा होतं, तिथे आता मुलाला शाळेत न पाठवणं नियमाबाहेरचं ठरणार होतं. आगबोट एका रात्रीत बंदराबाहेर गेली. हा ठराव राज्यातल्या प्रत्येक मुलासाठी होता, गोऱ्या मुलांसाठीही, कारण दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांच्या शिक्षणाचीही मळेवाल्यांच्या राजवटीने कधी फिकीर केली नव्हती.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की हे सगळं कागदावर राहिलं. सक्तीची अंमलबजावणी झाली नाही. बहुतेक गावांत शाळा वेगवेगळ्याच राहिल्या. पैसा अपुरा होता, त्यातला काही वाटेतच गळाला. हे सगळं खरं आहे. तरीही १८७६ पर्यंत राज्यातल्या सार्वजनिक शाळांत एक लाखाहून अधिक मुलं होती, आणि त्यांत गोऱ्या मुलांची संख्याही मोठी होती. राज्याच्या विद्यापीठात १८७३ पासून कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकू लागले. १८७७ मध्ये सत्ता पालटून गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली, ते विद्यापीठच बंद केलं गेलं आणि १८८० मध्ये फक्त गोऱ्यांसाठी उघडलं. तिथे पुन्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी आला १९६३ साली. निव्वळ कागदावर असलेली गोष्ट मोडून काढायला एवढी खटपट कुणी करतं का?

कागदावरच्या हक्काला काय अर्थ, असं म्हणणाऱ्या मराठी वाचकाने आपल्याच इतिहासात डोकवावं. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना. त्या वेळी स्मॉल्स राज्याच्या वरिष्ठ सभागृहात बसत होते. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही, पण दोघेही व्यवसाय करून स्वतःच्या पायावर उभे राहिलेले, दोघेही लोकांच्या वतीने सभागृहात बसलेले (जोतीराव पुणे नगरपालिकेत), आणि दोघांनीही बोट ठेवलं ते एकाच जागी. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीरावांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. गोखल्यांचं विधेयक १९१२ मध्ये पडलं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये मोफत सक्तीचं शिक्षण सुरू केलं, आणि देशभरचा कायदा यायला २००९ उजाडलं. म्हणून जोतीरावांचं १८८२चं निवेदन वाया गेलं असं आपण म्हणतो का? मागणी एकदा लेखी नोंदली गेली की पुढच्या पिढ्यांना ती पहिल्यापासून मांडावी लागत नाही. त्यांना तिचा आधार घेऊन भांडता येतं.

आता लाचेकडे. १८७२ साली स्मॉल्स राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, छपाई समितीचे अध्यक्ष होते, आणि सरकारी छपाईच्या बिलांत त्या काळी प्रचंड घोटाळा झाला, यात शंका नाही. सिनेटचा लेखनिक वुड्रफ याने साक्ष दिली की त्याने स्मॉल्स यांना पाच हजार डॉलर दिले. नोव्हेंबर १८७७ मध्ये त्यांना तीन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. मी त्यांच्या निर्दोषपणाची शपथ वाहणार नाही. ज्या सभागृहात इतका पैसा हातोहात फिरत होता, तिथे कुणी स्वच्छ राहिला हे ठामपणे सांगणं अवघड आहे, आणि आपल्या बाजूचा माणूस आहे म्हणून पुरावा झटकून टाकणं मला मंजूर नाही. पण मग पुरावा सगळाच बघा. साक्षीदार स्वतः घोटाळ्यातला मुख्य माणूस होता आणि त्याने शिक्षेतून सूट घेऊन साक्ष दिली. डझनावारी लोकांवर संशय असताना त्या वेळी खटला चालून दोषी ठरले ते तिघे, आणि त्यांत राज्याचे कृष्णवर्णीय खजिनदार राहिलेले फ्रान्सिस कार्डोझो होते, ज्यांच्या सचोटीविषयी विरोधकही चांगलं बोलत. १८७९ साली राज्यपालांनी स्मॉल्स यांना माफी दिली ती एका देवघेवीतून: केंद्र सरकारने निवडणूक गैरप्रकारांबद्दल राज्यातल्या डेमोक्रॅटांवर भरलेले खटले मागे घ्यायचे, आणि राज्याने हे खटले. भ्रष्टाचार खणून काढायचा असता, तर असा सौदा झाला असता का?

यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. त्याच दशकात न्यूयॉर्क शहराची तिजोरी ट्वीड नावाच्या तिथल्या पुढाऱ्याच्या टोळीने लुटली. रेल्वे कंपनीचे समभाग वाटून संसदेतल्या बड्या बड्या लोकांना मिंधं केल्याचं क्रेडिट मोबिलिए प्रकरण १८७२ मध्ये बाहेर आलं. ते सगळे गोरे होते. त्यावरून गोऱ्यांना मताधिकार द्यायला नको होता, असा निष्कर्ष कुणी काढला का? साउथ कॅरोलिनात मात्र स्मॉल्स यांच्यासारख्यांच्या खटल्यांवरून अख्खा समाज राज्य करायला नालायक आहे, असा सिद्धांत रचला गेला आणि पुढची कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला. एका माणसाचा गुन्हा त्याच्या माथी मारणं योग्यच. एका माणसाच्या गुन्ह्यावरून लाखोंची मतं काढून घेणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे, आणि स्मॉल्स यांच्या लाचेचा हिशेब मांडणारे त्या गुन्ह्याचा हिशेब मांडत नाहीत.

स्मॉल्स यांच्या सत्तेचा सामान्य माणसाला काय उपयोग झाला, हे बघायचं तर १८७६चा उन्हाळा बघावा. काँबाही नदीकाठच्या भातमळ्यांवर मजुरांनी संप केला. मळेवाले मजुरी रोख देत नसत. चिठ्ठी देत, आणि ती चिठ्ठी चाले फक्त मळेवाल्याच्याच दुकानात, तिथल्या चढ्या भावाने. म्हणजे दिवसभर चिखलात राबून मिळालेला पैसा संध्याकाळी मालकाकडेच परत. मजुरांची मागणी एकच होती, आम्हाला पैसे हातात द्या. शस्त्रधारी गोरे जमले, वातावरण पेटायची वेळ आली. तेव्हा संसद सदस्य असलेल्या स्मॉल्स यांना राज्यपालांनी तिथे पाठवलं. स्वतः दुकानदारी केलेल्या माणसाला त्या चिठ्ठीतली मेख कुणी समजावून सांगावी लागली नसणार. त्यांनी संपकऱ्यांना हिंसेपासून परावृत्त केलं, मारहाणीचा आरोप असलेल्यांना कायद्यापुढे हजर व्हायला लावलं, आणि रक्तपात झाला नाही. रोख मजुरीची मागणी मान्य झाली. अवघ्या महिन्याभरापूर्वी, जुलैमध्ये, त्याच राज्यात हँबर्ग इथे शरण आलेल्या कृष्णवर्णीय शिपायांना गोऱ्या टोळीने गोळ्या घातल्या होत्या. मग काँबाहीला तसं का झालं नाही? ब्यूफर्टमधला अंमलदार, तिथला खासदार हे मजुरांनी मतं देऊन निवडलेले होते. मताचा अर्थ मजुराच्या पोटापर्यंत पोचतो तो असा. हे दृश्य कुठल्या पुतळ्यात येणार?

१८९५ मध्ये दुसरी घटना परिषद भरली. हँबर्गमध्ये सामील असल्याचं उघडपणे मिरवणारे माजी राज्यपाल बेन टिलमन तिचे सूत्रधार होते, आणि कृष्णवर्णीयांचं मत हिरावून घेणं हा तिचा उघड हेतू होता. एकशे साठ प्रतिनिधींपैकी कृष्णवर्णीय सहा, त्यांपैकी पाच ब्यूफर्टचे, आणि त्यांत स्मॉल्स. मतदाराला घटनेचा उतारा वाचता-लिहिता यावा, नाहीतर तीनशे डॉलरची मालमत्ता असावी, अशी अट आली; वाचता न येणाऱ्या गोऱ्यांसाठी 'समजून घेतलं तरी चालेल' अशी पळवाट काही काळ ठेवली आणि ती पळवाट कुणाला मिळेल हे ठरवायला अधिकारी बसवले. आपला पराभव होणार हे स्मॉल्स यांना माहीत होतं. तरी ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या समाजाला वेगळ्या बचावाची गरज नाही. या देशातला त्यांचा आजवरचा इतिहासच सिद्ध करतो की ते कुठल्याही लोकांच्या बरोबरीचे आहेत. जगण्याच्या लढाईत त्यांना फक्त समान संधी हवी आहे." टिलमन यांनी तिथेही लाचेचा विषय काढला, स्मॉल्स यांनी तोंडावर उत्तर दिलं. आंतरवर्णीय विवाहाला बंदी घालण्याचं कलम आलं, तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली: कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला सरकारी पद मिळू नये आणि होणाऱ्या मुलाला बापाचं नाव व वारसा मिळावा. सभागृहाची बोलती बंद झाली आणि दुरुस्ती फेटाळली गेली. तयार झालेल्या घटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला.

त्या घटनेने शाळा वर्णानुसार वेगळ्या करणं बंधनकारक केलं. १८६८चं कलम गेलं. पुढे याच राज्यातल्या क्लॅरेंडन तालुक्यातल्या कृष्णवर्णीय पालकांनी मुलांसाठी शाळेची बस मागितली, ती नाकारली गेली, त्यातून खटला उभा राहिला, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला त्या निकालात हा खटला सामील होता. स्मॉल्स यांनी १८६८ मध्ये जे मागितलं होतं, तेच त्या पालकांना ऐंशी वर्षांनी पुन्हा न्यायालयात मागावं लागलं.

पुतळ्याला चित्र लागतं आणि कायद्याचं चित्र होत नाही, हा शेवटचा आक्षेप मला मान्य नाही. हातात ठरावाचा कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे पुतळे आपल्याकडे गावोगाव आहेत. बाबासाहेबांच्या हातातलं पुस्तक कशाचं, हे विचारायची वेळ कुणावर येत नाही. कोलंबियातल्या समितीने सुकाणू दाखवायचं ठरवलं तरी चौथऱ्यावर १८६२च्या शेजारी १८६८ आणि १८९५ ही सालं कोरलेली असावीत, आणि त्या सालांत काय झालं हे पूर्ण वाक्यांत लिहिलेलं असावं. त्या आवारात १९४० पासून टिलमन यांचाही पुतळा उभा आहे, आणि दुरुस्त्या होत होत आजही साउथ कॅरोलिनाची घटना म्हणून चालते ती १८९५चीच, स्मॉल्स यांनी सही नाकारलेली.